पापडाची जाळी आणि वीस लिटर दूध

"काकू, तुमचं चीज कोरडं होऊन राहिलं," शेफ फोनवर म्हणाले. "किसलं की भुगा. पुढचं सॅम्पल असंच निघालं, तर मले पुण्याहून मागवा लागेल."

माझं चीज घेणारं हे एकुलतं एक हॉटेल. ते गेलं की माझं चीज घरच्या फ्रिजपुरतं.

खोट माझ्या हातातच होती. चीजसाठी कोमट दुधात रेनेटचे थेंब घालतात. तासाभरात दूध खरवसासारखं बसतं, त्याला कर्ड म्हणतात. त्याचे हरभऱ्याएवढे सारखे तुकडे कापायचे, मग आतलं पाणी, म्हणजे निवळी, हळूहळू सुटते. मी मात्र रवी घालून घुसळायची. चाळीस वर्षं ताक केलेला हात, त्याला दुसरं काय सुचणार? भुगा व्हायचा आणि साय निवळीत जायची. निवळी दुधासारखी पांढरी दिसायची. मी खुशाल त्यात कणीक भिजवायची. घरात मऊ पोळ्यांचं कौतुक चालायचं, ते वेगळंच.

या खेपेला वीस लिटरचं पातेलं आणि लांब सुरी घेऊन बसले. उभे काप दोन्ही बाजूंनी छान पडले. पण सुरी पातेल्यात आडवी फिरेना. वरून चौकोन दिसत होते, खाली तळापर्यंत लांबच लांब कांड्या. कारखान्यात यासाठी तारांची फ्रेम असते. ती मागवायची तर आठ दिवस, आणि कर्ड तर आत्ता बसलेलं.

सून शेजारच्या गॅसवर तारांची जाळी ठेवून पापड भाजत होती.

"आई, काहून थांबल्या?"

"दे वं ती जाळी."

"अजून बाबांचे पापड व्हायचे आहेत."

"त्याहिले तळून दे."

जाळी घासली, उकळत्या पाण्यातून काढली. पातेल्यात उभी धरली आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत सावकाश ओढत नेली. आडव्या तारांनी कांड्यांचे तुकडे पाडले. पाच मिनिटांनी निवळी वर आली. पिवळसर, हिरवट, आरपार दिसणारी.

सॅम्पल किसून शेफनी फोन केला. "आता जमलं. कटर घेतला का काकू?"

"घेतला ना."

"कोणत्या कंपनीचा?"

"सक्करदऱ्याच्या बुधवारी बाजारातला."

हॉटेल टिकलं. रवी पुन्हा ताकाला लागली. परवा जेवताना आमचे हे म्हणाले, "आजकाल पोळ्या कडक होऊन राहिल्या." घरात पोळ्यांची तक्रार आली की समजावं, चीज बरोबर झालं.