कृष्णातच्या गाडीचं डावं चाक

कडेगावात कुणी जुनी गाडी घ्यायची म्हटली की आधी कृष्णातला बोलावणं जायचं. फौजेत त्याची सगळी नोकरी गाड्या दुरुस्त करण्यात गेली. विकणारा चहाचा आग्रह करत असला तरी हा पठ्ठ्या आधी गोणपाट अंथरून गाडीखाली शिरायचा, पत्रा वाजवून बघायचा आणि बाहेर येऊन म्हणायचा, "घ्या," नाहीतर "च्या पिऊन घरी चला." समोरच्याचं तोंड कितीही वाकडं होवो, त्याला पर्वा नव्हती.

अशा माणसानं स्वतःची गाडी घेताना साधं वाकूनसुद्धा बघितलं नाही. का, तर गाडी जोतिबाची होती.

जोतिबा पलूसचा. दोघं एकाच पलटणीतले, एकाच बराकीत राहिलेले. कृष्णातची बायको राहीबाई, तिला भाऊ नाही. लग्नानंतरची पहिली काही वर्षं भाऊबीजेला ती बिनभावाच्या बायका करतात तसं अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची. एकदा सुट्टीवर आलेल्या जोतिबानं ते पाहिलं आणि सरळ पाटावर जाऊन बसला. "चंद्राला कशाला? मी काय मेलोय व्हय?" तेव्हापासून त्यानं एक भाऊबीज चुकवली नाही. राहीबाईची लेक क्रांती त्याला मामा म्हणते. माझी पिठाची गिरणी त्यांच्या घराला लागून, त्यामुळं हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं. तो मला पहिल्यापासून खटकायचा, असं आता म्हणायला सोपं आहे. पण खोटं कशाला बोलू, मला तो फार आवडायचा.

यंदा क्रांतीला सांगलीत एका लॅबमध्ये नोकरी लागली. सुटायची वेळ अशी अवघड की परतीची एसटी मिळायची नाही. नवी गाडी घ्यावी तर साठवलेलं सगळं घराच्या स्लॅबमध्ये गेलेलं. तेव्हा जोतिबा म्हणाला, "माझी घिऊन जा. भाचीला चालवायचीय न्हवं? डोळं झाकून दे तिच्या हातात. कवा खरचटलंसुदीक न्हाई तिला."

दसऱ्याला गाडी दारात आली. राहीबाईनं हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, जोतिबानं स्वतः नारळ फोडला. "खाली शिरून बघणार नाहीस?" मी कृष्णातला चिडवलं. तो माझ्यावरच डाफरला. "आवं अण्णा, भावाच्या ताटातलं हुंगून खात्यात व्हय?"

चार दिवसांत क्रांती कुरकुरायला लागली. "पप्पा, ही माझं ऐकतच न्हाई." स्टिअरिंगवरचा हात जरा सैल केला की गाडी डावीकडं, थेट उसाच्या फडाकडं निघायची. टायरही एका बाजूनं झिजायला लागला. सांगलीला जाऊन मशिनवर चाकं जुळवून घे, असं मी कृष्णातला सुचवलं. "दोरी हाय, ओळंबा हाय, डोळं हाईत. मशिनवाल्याला कशाला पोसू?" तो म्हणाला, आणि माझ्या गिरणीसमोरच्या कोब्यावर त्याची नजर गेली. तालुक्यात त्याला तेवढीच सपाट जागा दिसली. माझ्या गिऱ्हाइकांचे डबे त्यानं स्वतःच उचलून कडेला लावले.

गाडी कोब्यावर उभी केली. गवंड्याकडून आणलेली दोरी गाडीच्या दोन्ही अंगांना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, विटांच्या चळतींवर ताणून बांधली. पुढच्या चाकांखाली गुळगुळीत फरशीचे जोड तुकडे, त्यांच्यामधे ग्रीस, म्हणजे चाक जागच्या जागी सहज फिरावं. मग दोरीपासून रिमची पुढची कड किती लांब, मागची किती, हे मोजायचं आणि चाकं वळवणारा खालचा रॉड पान्यानं थोडा थोडा फिरवायचा. सगळं जुळलं. गाडी फिरवून आणली, तर ती परत डावीकडंच.

मग त्यानं चारी चाकांच्या मध्यातून ओळंबा सोडला, खाली कोब्यावर खडूच्या खुणा केल्या आणि गाडी ढकलून बाजूला घेतली. उरलेल्या खुणांचा चौकोन मोडक्या बाजेसारखा कलला होता. पुढचं डावं चाक दोन बोटं मागं. कृष्णातनं गोणपाट घेतलं आणि जे दसऱ्याला करायचं ते आता केलं. डाव्या चाकामागं गाडीचा सांगाडा ठोकून सरळ केलेला, जोड दिलेला आणि वरून काळा रंग फासलेला. गाडीनं जबर धडक खाल्ली होती.

"त्याला इचारा," राहीबाई म्हणाली.

"त्यानंबी ती जुनीच घेतलीती. त्यालाबी कुनीतरी फसवलं आसंल." कृष्णातनं कोबा धुऊन काढला. क्रांतीच्या हातात मात्र त्यानं किल्ली दिली नाही. मला संताप येत होता, पण मीही तेच घोकत होतो. जोतिबाला माहीत नसेल, एवढंच आम्हाला हवं होतं.

भाऊबीजेला जोतिबा दुपारी आला. साडीची पिशवी कट्ट्यावर ठेवली. राहीबाई आत पाटाभोवती रांगोळी काढत होती. कृष्णात त्याला म्हणाला, "गाडी जरा ओढतीया गड्या. ये, मोजायला फीत धर." बाजू सांगितली नाही, खुणांचं बोलला नाही. त्याचा बेत मला माहीत होता. मापं दिसली की जोतिबा दचकेल, ज्यानं ती जोतिबाला विकली त्याला शिव्या घालेल, मग दोघं मिळून त्या माणसाच्या दारात जातील. त्यासाठी त्यानं सकाळीच दोरी ताणून ठेवली होती.

जोतिबा हसत हसत उकिडवा बसला, पुढच्या डाव्या चाकापाशी. फीत अजून उलगडलीही नव्हती.

"ही बाजू जरा मागंच ऱ्हानार रं," तो म्हणाला. "तिच्या नादाला लागू नगंस. रॉडवर घे जुळवून, तुला जमतंय."

कृष्णातनं पाना खाली ठेवला. "तुला म्हाईत हुतं?"

जोतिबाला तेव्हा कळलं आपण काय बोललो ते. "खंडाळ्याजवळ दुभाजकावर गेलती. चांगली करून घेतली हुती, गड्या. मला वाटलं, तू हाईस, तू करशील सरळ."

"मला सांगून दिली आसतीस तरी घेतली आसती, जोतिबा. रात्रंदिस राबून सरळ केली आसती. तू पोरीला बसवायला निघालास तिच्यात. डोळं झाकून दे म्हनलास."

दारात राहीबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "ताई," जोतिबा म्हणाला आणि एक पाऊल पुढं आला. ती ताट घेऊन आत गेली. आतून पाट उचलल्याचा आवाज आला. जोतिबा निघून गेला. साडीची पिशवी कट्ट्यावरच राहिली. कृष्णातनं दोरी सोडून गुंडाळून ठेवली, विटा तशाच राहू दिल्या.

दिवेलागणीला उसावर चंद्राची बारीक कोर दिसली. राहीबाई अंगणात आली. निरांजन विझू नये म्हणून क्रांतीनं हाताचा आडोसा धरला. मी गिरणी बंद केली. राहीबाईनं आभाळाकडं बघून कुंकवाचं बोट लावल्यासारखं केलं, अक्षता उधळल्या, ओवाळलं.

"मधी एवढी वर्सं तुला इसरले," ती चंद्राला म्हणाली. "चुकलं रं दादा माझं."