आफ्रिकेला निघालेली पेटी

ताज्या तेलरंगाचा वास आला की मला आमच्या कुंडल गावातला, शेजाऱ्यांच्या घराचा पुढचा सोपा आठवतो. तिथला जवान सुट्टी संपवून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, आफ्रिकेला परत निघाला होता आणि काळ्या लोखंडी पेटीवर पांढऱ्या रंगानं आपलं नाव लिहीत होता. त्याच्या छावणीजवळच्या प्राथमिक शाळेत सगळी पोरं एकच पुस्तक आळीपाळीनं बघतात, हे त्याच्याकडून ऐकल्यावर मी सांगलीतून चित्रांची इंग्रजी पुस्तकं आणली होती. पण त्याच्या आईनं पेटी आधीच लाडू-चटणीनं भरली होती आणि विमानात जादा वजन चालणार नव्हतं. “निम्मी ऱ्हाऊ देत गड्या, पुढच्या खेपंला नेतो,” तो म्हणाला. “तवर ती पोरं शाळा सोडतील,” म्हणत मी पेटीपाशीच बसून राहिलो. त्याची आई आतून आली, पुस्तकं चाळली आणि लेकाला म्हणाली, “लाडू काढ रं. तुला सरकार जेवाय घालतंय न्हवं?” “आये, चटणी तरी ठेव.” “बरं, ऱ्हाऊ दे चटणी पेटीत.” मग तिनं लाडवांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “तुझ्यापायी निघाल्यात, आता तूच संपीव.” पुस्तकं सगळी बसली. आमच्या घरात कॉलेज बघितलेला मी पहिलाच. माझ्या शिक्षणासाठीही अशीच कुणी कुणी आपलं काही बाजूला ठेवून जागा केली होती. आता गावातलं कुणी तिकडं निघालं की पेटी भरायच्या आधीच मी पुस्तकं घेऊन त्याच्या दारात जातो.