नसलेला उंदीर

फर्निचरच्या कारखान्यात त्याला सगळे फुरफुऱ्या म्हणत. काम लाकडाला पॉलिश करण्याचं. दिवसभर भुशाची धूळ आणि थिनरचा दर्प, त्यात तरुणपणी एकदा नाक चोंदलं ते चोंदलंच. तोंडाने श्वास घ्यायचा, तोंडानेच घोरायचं आणि जेवताना घास आणि श्वास यांची भांडणं सोडवत बसायचं. "नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात," मिस्त्री हसायचा, "या पठ्ठ्याचं न दाबताच जन्मभर उघडं." लग्नाचं एका ठिकाणी जमत आलं होतं. मुलीच्या मामाने त्याला दुपारचा पंख्याखाली झोपलेला पाहिला, म्हणजे ऐकला, आणि बोलणी तिथेच मोडली.

घरी तो आणि आई. आईची डावी बाजू अर्धांगाने गेलेली. खिडकी, छत आणि हा, एवढंच तिचं जग. थोरली बहीण दूर दिलेली. फोनवर तिचं एकच पालुपद, "माझ्याकडे आण तिला. तुझ्याच्याने नाही निभायचं." आईचंही उत्तर ठरलेलं, "जावयाच्या घरात शी-शूचं भांडं मागत पडून राहू होय? मरेन ती इथेच मरेन."

मग वास सुरू झाले. खरं काही त्याच्या नाकात शिरत नव्हतं, दूध उतू जाऊन करपलं तरी पत्ता नसायचा. पण जे नव्हतं ते यायला लागलं. आधी जळकट. वायर जळतेय समजून त्याने कारखान्याचा मेन स्विच खाली ओढला आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या. नंतर घरात उंदीर मेल्याचा वास. त्याने कपाटं ओढली, माळा रिकामा केला, मोरीची जाळी काढून कोपरापर्यंत हात घातला. उंदराचं शेपूटही हाती लागलं नाही.

नाकाच्या डॉक्टरने आत उजेड पाडून पाहिलं. "दोन्हीकडे मांस वाढलंय. खरा वास वर पोचतच नाही. मग मेंदूला रिकामं बसवत नाही, तो पदरचं काहीतरी देतो. ऑपरेशन करून घ्या." ऑपरेशन म्हणजे पडून राहणं आलं, ओझं उचलायचं नाही हेही आलं. मग आईला कोण उचलणार? तो थेंबांची बाटली घेऊन घरी आला आणि वाफाऱ्यावर दिवस काढत राहिला.

तोडगा आईनेच काढला. "वास आला की मला विचारत जा. माझं नाक शाबूत आहे अजून."

तेव्हापासून तो खाटेशी येऊन विचारायचा, "आई, येतोय?" आई मान वर करून हुंगायची आणि निकाल द्यायची. "कोबी करपलाय, तो खरा. उंदीर तुझा." तो गॅस बंद करायला पळायचा, मागून ती हसायची. आईने हो म्हटलं तरच वास खरा, असा घरातला कायदाच झाला.

आईची अंघोळ, कपडे, कूस बदलणं हे शेजारीण येऊन करायची. मुलाने तोंड पुसावं, पाय चोळावेत, भांडंही द्यावं, पण चादरीखालून, मान फिरवून. हे दोघांत कधी बोलणं न होता ठरून गेलं होतं. थंडीच्या तोंडावर शेजारीण लेकीच्या बाळंतपणाला गेली. "एखादी बाई लाव," ती जाताना त्याला म्हणाली. आईने उडवून लावलं. "परकी बाई नको मला. उजवा हात चालतोय ना? माझं मी पुसते."

"कूस तरी बदलू दे."

"बदलते मी. तू कामावर गेल्यावर दिवसभर दुसरं काय करते?"

त्याने मानलं. मानण्यात त्याची सोयही होती.

उंदराचा वास वाढत गेला. कामावर कमी, घरात जास्त. "आई, येतोय?" "तुझाच." पुन्हा विचारलं तर, "नाही रे बाबा. किती डोकं खाशील?" आता ती हुंगल्याशिवायच सांगत होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. तिने पावडरचा डबा उशाशी मागून घेतला. भर थंडीत खिडकी उघडी ठेवायला लावली. जेवण निम्म्यावर आलं, अंगात कणकण राहू लागली. "हवाच तशी आहे," ती म्हणाली.

बहीण न कळवता आली. दारातच थबकली आणि तिने रुमाल नाकाला लावला. "कसला वास सुटलाय हा?"

"उंदीर मेल्यासारखा?" त्याने विचारलं.

"हो. कुठे मेलाय?"

त्याला आधी बरंच वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो वास दुसऱ्या कुणाला आला होता. तो हसलासुद्धा. "म्हणजे तुलाही येतो ना? आणि आई म्हणते..." त्याने वळून खाटेकडे पाहिलं.

बहिणीने जाऊन चादर ओढली. आईने ती उजव्या हाताने गच्च धरली होती, थोडी ओढाताण झाली. माकडहाडाशी पडून पडून झालेली जखम होती. काठ काळे, आत ओलं. नेसूचं कापड जखमेला चिकटलेलं.

"डोळे मिटून वावरत होतास का रे घरात?"

"मी रोज विचारत होतो तिला, ताई."

"विचारत होतास. बघितलं का नाहीस?"



"त्याला बोलू नकोस," आई म्हणाली. "मी खोटं सांगत होते."

"का पण?"

"पोराला काय उघडून दाखवायचं? आणि तुला कळलं असतं तर तू मला उचलून नेलं असतंस."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, विष रक्तात भिनलंय, फार उशीर केलात. आई तिथून घरी परतली नाही. जे थोडे दिवस मिळाले त्यांत रोज सकाळी पट्टी बदलायची असे. पहिल्याच दिवशी बहीण रुमालासकट बाहेर धावली आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन ओकली. शेजारच्या खाटांवरचे नातेवाईकही उठून गेले. तो तेवढा उभा राहिला. त्याच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. घरात इतके दिवस येत होता तो वास जखमेचा की नाकाचा, हे त्याला आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.

"धराल का जरा?" नर्सने विचारलं.

"त्याला बाहेर पाठवा," आई म्हणाली.

"मी बघणार आहे, आई."

आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याने एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालून तिला कुशीवर घेतलं. ती भुसा भरल्यासारखी हलकी लागली. नर्सने जुनी पट्टी ओली करून हळूहळू सोडवली.

"किती आहे रे?" भिंतीकडून आवाज आला.

त्याने नीट पाहिलं. "मूठ जाईल एवढी."

नर्सने त्याच्यावर डोळे वटारले.

"खोल?"

"हाड दिसतंय."

 आई म्हणाली, "बघितलंस ना? आता झाक."