फौजदारिणीची चादर

आमच्या लाँड्रीत तिला सगळ्या फौजदारीण म्हणायच्या. आवाजच तसा होता. मशीनच्या खडखडाटात ती "अगं, टोक सुटलं!" म्हणाली, की चार टेबलांवरच्या बाया आपापली टोकं बघायच्या.

हॉटेलांच्या डबल चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. ताणायचं, झटकायचं, मग मी चार पावलं पुढे जाऊन माझी टोकं तिच्या टोकांना भिडवायची. अकरा वर्षं मी तिच्याकडे अशी चालत गेले. "नवऱ्याकडे तरी इतक्या वेळा गेलीस का गं?" असं विचारून ती स्वतःच खो खो हसायची.

तिचे आजोबा बोटीतून इथे आले. आई इथेच जन्मली, तीही इथेच, पण रंग काळा म्हणून अजून बाहेरचीच. एकाच चादरीला आम्ही दोघी उभ्या आणि मजुरी तिला माझ्याहून कमी. सुपरवायझर म्हणायचा, "त्या लोकांना उकाड्याची सवय असते, त्यांना कष्ट जाणवत नाहीत." हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. मी कधी तोंड उघडलं नाही. आपलं भागतंय ना, मग कशाला नसती उठाठेव!

तिचा धाकटा भाऊ टेम्पो चालवायचा. एका मोठ्या दुकानाच्या दारात माल उतरवताना रखवालदारांनी त्याला चोर ठरवलं आणि इतकं मारलं, की एक कान कायमचा गेला. मालाची पावती खिशातच होती, कुणी विचारलीसुद्धा नाही. ठाण्यात तक्रार घेईनात.

"मी आपली नावाची फौजदारीण," ती म्हणाली, "खऱ्याने तर मला बाकावरही बसू दिलं नाही."

मग जेवणाच्या सुट्टीत ती टेबलाटेबलाशी जाऊन बाया गोळा करू लागली. तिच्या माणसांतल्या, आमच्यातल्याही. एका बाद चादरीवर तिने लाल रंगात दोन मागण्या लिहिल्या. भावाची तक्रार नोंदवा आणि सारख्या कामाला सारखी मजुरी द्या. एवढ्या बाया मोर्चाने ठाण्याच्या दारात उभ्या राहिल्या, की तिथल्या साहेबाला बाहेर येऊन मागण्यांचा कागद घ्यावाच लागेल, असं तिचं म्हणणं. पुढची हाक मागे ऐकू जात नाही, म्हणून खूण ठरली. चादर उघडी आहे तोवर चालायचं, घडी झाली की घरी जायचं.

"दुसरी बाजू कोण धरणार?" कुणीतरी विचारलं.

"हे काय विचारणं झालं?" तिने माझ्याकडे बोट केलं. मला काय अभिमान वाटला तेव्हा!

रविवारी सकाळी दोनशेवर बाया आल्या. ठाणं एका वळणावर राहिलं आणि फुटपाथवर भाजीची पिशवी घेऊन उभा असलेला सुपरवायझर मला दिसला. त्याने "अच्छा, तूसुद्धा?" अशी नुसती मान हलवली. कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं आणि पाय तिच्या दिशेने चालू लागले. माझी टोकं तिच्या टोकांना भिडली. चादरीआड मी दिसेनाशी झाले.

मागच्या बायांनी घडी पाहिली. "झालं वाटतं," म्हणत त्या पांगल्या. फौजदारीण ओरडली, पण तो आवाजही त्या दिवशी पुरला नाही. ठाण्यापाशी जेमतेम वीसजणी पोचलो. साहेब बाहेर आलाच नाही. हवालदाराने दारातूनच हाकललं.

बाया माझ्यावर तुटून पडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "अगं, अकरा वर्षांची सवय तिची! हात आपोआप चालले."

सगळ्या हसल्या. मीही हसले. तिचा भाऊ जवळ आला, चांगला कान माझ्याकडे करून म्हणाला, "ताई, तुम्ही आलात, बरं वाटलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सवय कसली आणि काय! मी घाबरले होते. सुपरवायझर जो शब्द तिच्यासाठी वापरायचा, तोच मी स्वतःची लाज झाकायला पांघरून घेतला.

आठवडाभर आम्ही चादरींच्या घड्या घातल्या. ती टोक हातात द्यायची, घ्यायची. थट्टा मात्र एकही केली नाही. खरं सांगायला मी रोज तोंड उघडायचे आणि झटकलेल्या चादरीच्या आवाजात ते राहून जायचं.

पुढच्या रविवारी बाया पुन्हा जमल्या, निम्म्याच. चादर तीच होती. फक्त वरच्या कडेला तिने नेफा शिवून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब बांबू घातला होता. एक टोक तिने माझ्या हातात दिलं.

"धर. आता घडी होणार नाही."

हे ती हळू म्हणाली, फक्त मला ऐकू येईल एवढंच. अकरा वर्षांत फौजदारिणीचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला.