दोन वाजून दहा मिनिटांची नोंद

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी विचारलं नाही, हे एक निमित्त होतं. आता ज्याला सांगायची तोच राहिला नाही. निदान कागदावर तरी खरं असावं म्हणून लिहितो आहे.

सोलापुरात एका अग्निशमन केंद्रावर मी कंट्रोल रूमला होतो. आग लागल्याचा फोन आला की त्याला आम्ही वर्दी म्हणायचो. वर्दी घ्यायची, गाडी सोडायची आणि रजिस्टरात लिहायचं : फोन कधी आला, गाडी कधी निघाली, कधी परतली. माझं अक्षर चांगलं होतं, साहेब लोक कौतुक करायचे. एक खोड मात्र होती. वेळेचा रकाना मी रिकामा ठेवायचो आणि ड्यूटी संपताना सगळ्या वेळा अंदाजानं एकदम भरायचो. बाकीचेही तसंच करत.

त्या दुपारी चिंचोळी एमआयडीसीतून वर्दी आली. एका कारखान्यात सुताचे गठ्ठे पेटले होते. गाडी निघाली. थोड्याच वेळात कारखान्यातून पुन्हा फोन आला, आग आम्हीच विझवली, गाडी नको. मला वायरलेसवरून गाडीला परत बोलवायचं होतं, एवढंच काम. तेवढ्यात चहा आला आणि एक फायरमन मेहुण्याच्या लग्नातलं भांडण सांगू लागला.

"भाऊसाहेब, नवरदेव पंगतीतनं उठला की! कशापायी? तर म्हनं श्रीखंड आंबट!"

"मग नवरी?"

"ती बसली की जेवत. म्हनली, मला तर लई ग्वाड लागतंय."

आम्ही पोटभर हसलो. सहा-सात मिनिटं गेली असतील. मग एकदम आठवलं. मी माइक उचलला, तोच पलीकडून ड्रायव्हरचा आवाज आला.

"कंट्रोल, गाडीची धडक बसली. सायकलवाला हाय. सिग्नल लाल हुता, पन सायरन चालू हुता ओ माझा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, परत फिर म्हणून मघाशीच सांगितलं होतं की!"

मग तो म्हणाला, "ऐकू आलं न्हाय, भाऊसाहेब."

खोटं बोलायचं असं ठरवून मी बोललो नव्हतो. पण संध्याकाळी पोलीस हवालदार रजिस्टरची नक्कल न्यायला आला तेव्हा रकाना रिकामाच होता. तो म्हणाला, "वेळ टाका की." मी टाकली. परत फिरण्याचा निरोप दिला, दोन वाजून दहा मिनिटं. अपघात दोन सतराचा होता.

आगीकडे निघालेल्या गाडीला सायरन वाजवत, सांभाळून, लाल सिग्नल ओलांडायची कायद्यात सवलत आहे. परत बोलावलेल्या गाडीला ती नाही. तिची गत रस्त्यावरच्या कुठल्याही ट्रकसारखी. शिवाय गाडी दलाची असली तरी गुन्हा नोंदवतात तो चालवणाऱ्याच्या नावावर. जागेचा पंचनामा, आरटीओनं केलेली ब्रेकची तपासणी, साक्षीदारांचे जबाब, त्या फायलीत सगळं खरं होतं. माझी एक ओळ सोडून.

सायकलवाल्याचा पाय मोडला, जीव वाचला. गाडीतल्या दोघांनी निरोप ऐकला नसल्याचं सांगितलं. चौकशीच्या अहवालात आलं, सायरनच्या आवाजात ऐकू आला नसावा, तरी चालकानं दक्ष राहायला हवं होतं. त्याला स्टिअरिंगवरून काढलं. पुढची सगळी नोकरी त्यानं पाण्याचे पाइप धुऊन वाळत घालण्यात काढली. माझ्या खिडकीतून तो दिसायचा. कोर्टाच्या तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून जायचा. शेवटी तो दोषी ठरला. मी साक्षीला गेलो होतो. वकिलानं रजिस्टर दाखवून विचारलं, अक्षर तुमचंच का? मी हो म्हणालो.

निवृत्तीनंतर एकदा सगळं खरं कागदावर लिहून मी एसटीनं मोडनिंबला त्याच्या घरी गेलो. कागद वरच्या खिशात होता. त्यानं खुर्ची पुसून दिली. बायकोला म्हणाला, "आमच्या भाऊसाहेबांचं अक्षर बघायला पायजे हुतं तू."

मी म्हणालो, "त्या दिवसाचं बोलायचंय."

"त्येचं काय बोलायचं? तुमी तरी किती वरडनार? माजंच कान."

"कान कान करत्यात," बायको चहा ठेवत म्हणाली. "डाक्टरनं दोनदा तपासलं, कान चांगलं हायती. तरी रात्रंदिस तेच. मी हाक मारली तर तेवढी ऐकू येत न्हाय!"

तो हसला. "डाक्टरला काय कळतंय? ऐन वक्ताला बंद पडलं, त्याला काय करनार. त्या मानसाचा पाय माज्या कानापायी मोडला."

मी चहा प्यालो. कागद खिशातच राहिला. निघताना तो एसटी स्टँडपर्यंत सोडायला आला, आणि गर्दीत माझं बोलणं ऐकू यावं म्हणून मुद्दाम डोकं माझ्याकडे झुकवून चालत होता. तेव्हाही मी उन्हाळ्याबद्दल बोललो.

या वर्षी तो गेल्याचं उशिरा कळलं. केंद्रावर चौकशी केली तर जुनी रजिस्टरं मुदत संपल्यावर नष्ट केलेली. माझी ओळही गेली. कागद माझ्याकडे आहे. त्यात बरंच लिहिलंय, पण स्टँडवर एवढंच म्हणायचं होतं : तुझे कान चांगले होते. मी निरोप दिलाच नव्हता. मला माफ कर.