उसना रवंथ

सुदाम वाघमारेची आणि माझी शेवटची भेट खिडकीच्या काचेतून झाली. रक्ताच्या कॅन्सरच्या औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती पार ढासळली होती. भेटायला येणारी माणसं बंद, घरचं दहीसुद्धा बंद. बीडला काचेपलीकडच्या खोलीतून तो मोबाइलवर म्हणाला, "आप्पा, उन्हात कशाला बसलाय रे? जा घरी." त्याला एक गोष्ट सांगायची म्हणून गेलो होतो. जमलं नाही… आठवडाभराने त्याच्या लेकीचा फोन आला, "काका, बाबा गेले."

आमची ओळख दुष्काळातली. पाटोद्याजवळची चारा छावणी गावची दूध सोसायटी चालवायची; मी तिचा सचिव होतो आणि तो दूध संघाचा जनावरांचा डॉक्टर. कडबा संपला, नुसता ऊस येऊ लागला. मेंढरं विकून एकच गाय राखलेल्या पार्वताबाईच्या गाईने रवंथ सोडला, मग बसकणच मारली. आधी कुणीतरी जंतू मारणारी जहाल इंजेक्शनं टोचून गेला होता. सुदाम म्हणाला, "आता सुई बास. पोटातले जंतूच मेलेत, चारा पचवायचा कुणी?" त्याने एका धडधाकट गाईच्या जबड्यात हात घालून रवंथाचा घास काढला, कोमट पाण्यात कालवला.

"दुसरीचं उष्टं पाजता?" पार्वताबाई मागे सरली.

"उष्टंच लागतं, मावशी. हे जंतू चारा पचवतात, अन् रोगाशी लढणाऱ्या अंगातल्या राखणदारांना वळण लावतात. कुणाला हाकलायचं, कुणाला ऱ्हाऊ द्यायचं. माणसाचंबी तसंच हाय."

तिसऱ्या दिवशी गाय उठली. त्या संध्याकाळी पार्वताबाईने सुदामला घरच्या पितळी पेल्यात चहा दिला. तोवर छावणीत त्याच्यासाठी एक टवका उडालेला कप वेगळा खुंटीला टांगलेला असायचा. तो मला रोज दिसायचा. मी सचिव होतो, एका शब्दाने तो कप फेकता आला असता. मी बोललो नाही, आणि सुदामनेही पुढे कधी तो विषय काढला नाही. खिडकीशी बसून मला एवढंच सांगायचं होतं.

गोठ्यात शिरला की सुदाम आधी गाईच्या डाव्या कुशीला कान लावायचा, डोळे मिटून, बराच वेळ, आणि मग "चांगलं चाललंय," म्हणायचा. आता रोज सकाळी माझ्या गाईशी मी तसा उभा राहतो. आत गुडगुड चालू असते. "चांगलं चाललंय," असं मीही मोठ्याने म्हणतो… पण ऐकायला गोठ्यात दुसरं कुणीच नसतं.