पेडलखालची चटई

अंबरनाथच्या मिस्त्रीने मला फसवलं. माझ्या जुन्या मोटारीचं इंजिन पूर्ण रेस घेईना, तर त्याने ते दोनदा खोललं. तिसऱ्यांदा खोलू म्हणाला, तेव्हा मी गाडी मोडीत घालायला उल्हासनगरला निघालो.

तिथल्या कॅम्प दोन वस्तीत एका सिंधी म्हाताऱ्या भंगारवाल्याने बॉनेट उघडून मला ॲक्सिलरेटर दाबायला लावला. मग पायजम्याला हात पुसत तो माझ्या पायांकडेच बघत राहिला.

"साईं, इंजिन ठीक आहे. पेडल चटईवर अडतंय. इतनी मोटी चटई कुठून आणली?"

"दुकानदाराशी भांडून फुकट घेतली."

"मग फेकू नका. घराच्या दारात टाका," म्हणत त्याने ती गुंडाळून माझ्या हातात दिली.

बदलापूरला घरापर्यंत इंजिन मोकळं गरजत आलं, मीही गुणगुणत आलो. पण अंबरनाथच्या मिस्त्रीला एकदाही खाली वाकून बघता आलं नाही का? त्याने समोर येऊन उत्तर द्यावं.